सतरा वर्षांची गाडी आणि एक वही: वर्षभराच्या नोंदी

5 जानेवारी 2025 (1,68,412 किमी)

गाडी 2008 सालची. पेट्रोल, चार सिलिंडर, पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. बाबांनी नवी घेतली, अकरा वर्षं चालवली आणि मग किल्ली माझ्या हातात दिली. गेल्या महिन्यात घरात ती काढून टाकायचा विषय निघाला तेव्हा मी एका वर्षाची मुदत मागून घेतली. वर्षभरात नऊ-दहा हजार किलोमीटर होतील. तेवढ्यात ती एकदाही रस्त्यात बंद पडता कामा नये. पडली तर मी वाद घालणार नाही.

म्हणून ही वही. पहिल्या पानावर एकच नियम लिहिलाय: मोजल्याशिवाय सुटा भाग बदलायचा नाही. इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट यांना नियम लागू नाही, ते गाडीच्या पुस्तिकेतल्या मुदतीप्रमाणे बदलायचेच. बाकी काहीही आणायचं तर ते खराब आहे हे आधी मीटरवर, गेजवर किंवा निदान पट्टीवर दिसलं पाहिजे.

आज फक्त मापं घेतली. टायरची नक्षी चारही चाकांना साडेचार ते पाच मिलिमीटर. झिजेची खूण 1.6 वर असते, म्हणजे नक्षी भरपूर आहे. पण बाजूला कोरलेला चार आकडी कोड 3116, म्हणजे 2016 सालचा 31 वा आठवडा. वाकून बघितलं तर कडेच्या रबरावर बारीक भेगांची जाळी. हे टायर झिजून नाही, वयानेच जाणार. बॅटरी रात्रभर उभी राहून 12.5 व्होल्ट, इंजिन चालू असताना 14.2. कूलंटच्या बाटलीत पातळी वरच्या रेषेला. तिथे चिकटपट्टी लावून तारीख टाकली.

बाबांची जुनी वही कप्प्यात सापडली. तिच्यात फक्त पेट्रोलच्या नोंदी आहेत, टाकी फुल ते टाकी फुल अशा. त्यांच्या काळात गाडी लिटरला साडेपंधरा देत होती, माझ्या हातात ती 13.9 वर आलीय. मधल्याच एका पानावर, पेट्रोलच्या दोन ओळींच्या फटीत, "टायमिंग बेल्ट बदलला, 92,300" एवढंच. साल 2017.

12 जानेवारी (1,68,590 किमी)

इंजिन ऑइल. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते इथे शब्दशः.

दहा मिनिटं गाडी फिरवून आणली म्हणजे तेल कोमट होऊन मोकळं वाहतं आणि तळाची घाण घेऊन येतं. गाडी जॅकवर उचलली, घोड्या (गाडी पेलणारे स्टँड) लावल्या, घोड्यांवर वजन टेकल्यावर हाताने जोरात ढकलून बघितलं आणि मगच खाली शिरलो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, यात माझं कुणाशी दुमत व्हायचं कारण नाही.

ड्रेन बोल्टचा वॉशर चपटा होऊन कडक झालेला. तो दर वेळी नवाच घालायचा असतो, पण यावर चार खेप तोच ठोकलेला दिसतोय. खालचं तेलाचं चेंबर ॲल्युमिनियमचं, त्यामुळे बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या 35 न्यूटन मीटरवर आवळला. "हाताला लागेल तेवढा" आवळण्यातच आटे जातात. जुना फिल्टर उतरला तेव्हा त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती. ते न बघता नवा चढवला असता तर रिंगवर रिंग बसून चालू गाडीत सगळं तेल बाहेर आलं असतं. मागे एका मित्राच्या गाडीत हे झालेलं पाहिलंय, त्यामुळे त्या जागेवरून आधी बोट फिरवायची सवय लागली.

जुना फिल्टर कापून त्यातला कागद पिळून पसरला आणि वर लोहचुंबक फिरवलं. चमचमणारं काही नाही. बेअरिंग अजून शाबूत असावीत.

तेल 5डब्ल्यू-30, पुस्तिकेत लिहिलंय तेच. (डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीतला पातळपणा.) जुन्या इंजिनला जाड तेल घालावं असं चार जणांनी सुचवलं. जाड तेलाने आवाज दबतो हे खरं, पण पहाटेच्या पहिल्या स्टार्टला ते वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचायला जास्त वेळ घेतं, आणि इंजिनची बरीचशी झीज तेवढ्याच काही सेकंदांत होते. इंजिन तेल खातंय का ते आधी बघू. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये या गाडीत साधारण एक लिटर बसतं, तेव्हा दर हजार किलोमीटरला पातळी किती उतरते तेवढं लिहिलं की उत्तर मिळेल.

26 जानेवारी (1,68,975 किमी)

प्लग काढले. तीन प्लग फिकट तपकिरी, असावेत तसे. तिसऱ्याच्या विहिरीत मात्र बोटभर तेल. वरच्या झाकणाचं गॅस्केट आणि प्लगच्या नळ्यांची सीलं, दोन्ही दगडासारखी कडक झालीत. रबर इतकी वर्षं डोक्यावर गरम झाकण घेऊन बसलंय, दुसरं काय होणार.

प्लग निघालेच आहेत तर कॉम्प्रेशनही, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो तेही, घेतलं. इंजिन गरम, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. आकडे बारमध्ये: 12.1, 11.9, 12.0, 10.6. चौथा कमी. त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घेतलं तर 12.2 आला. तेल टाकल्यावर दाब वाढतो म्हणजे गळती पिस्टनच्या रिंगांपाशी आहे. व्हॉल्व्ह नीट बसत नसते तर तेलाने फरक पडला नसता. सगळ्यात वरचा आणि खालचा यांत बारा टक्क्यांचा फरक. चिंता करण्याइतका नाही, विसरण्याइतकाही नाही. पुढच्या जानेवारीत पुन्हा घ्यायचा.

गॅस्केट आणि सीलं बदलली. झाकणाचे बोल्ट छोटे, पण मधून कडेकडे, दोन खेपांत आवळायचे.

9 फेब्रुवारी (1,69,310 किमी)

एअर फिल्टर बदलला. केबिनचा फिल्टर बाहेर काढला तर त्यात अर्धी बाग होती. तोही बदलला.

23 फेब्रुवारी (1,69,640 किमी)

नियम मोडला.

आठवडाभर सकाळी स्टार्टर रडत होता. कण्हत कण्हत दोन फेरे, मग इंजिन लागायचं. बॅटरी चार वर्षांची, सकाळी थंडी, ऑफिसला उशीर. सरळ नवी बॅटरी आणून बसवली.

24 फेब्रुवारी

स्टार्टर तसाच रडतोय.

1 मार्च (1,69,755 किमी)

आज मीटर हातात घेऊन उकिडवा बसलो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. मुलीला आत बसवून स्टार्टर मारायला सांगितलं. मीटरवर 0.84 व्होल्ट. हा आकडा 0.2 च्या आत हवा. म्हणजे बॅटरीतून निघालेला दाब परतीच्या वाटेवरच कुठेतरी अडतोय.

इंजिनकडून बॉडीकडे येणारी अर्थची पट्टी वरून ठीक दिसत होती. बोल्ट सोडला आणि खाली हिरवट पांढरी भुकटी. तारेचे अर्धे पदर टोकाच्या कडीसकट हातात आले. नवी पट्टी घातली, दोन्ही बाजूंचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू उघडा केला, वरून ग्रीस. पुन्हा मोजलं: 0.06. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं.

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. जुनी बॅटरी लोड टेस्टला लावून आणली तर ती ठणठणीत निघाली. आता ती फळीवर बसून माझ्याकडे बघते आणि तिच्यापोटी महिन्यातून एकदा चार्जर लावायचं काम मला लागलंय. ही मोजणी पाच मिनिटांची होती. बॅटरी आणायला गेलेला वेळ इथे लिहीत नाही.

22 मार्च (1,70,240 किमी)

कूलंट चिकटपट्टीच्या बोटभर खाली. जमिनीवर थेंब नाही, नळ्या कोरड्या, सीटखालचा गालिचा कोरडा, काचेवर वाफ धरत नाही. म्हणजे हीटरचा गाभाही फुटलेला नाही. आत गोडसर वास नाही.

डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं करून भरलं, 200 मिलिलिटर. नुसतं पाणी टाकत राहिलो असतो तर प्रत्येक खेपेला मिश्रण पातळ झालं असतं. गोठणबिंदू, उत्कलनबिंदू आणि आतल्या धातूला गंजापासून मिळणारं संरक्षण, तिन्ही त्यावर अवलंबून. इथून पुढे किती मिलिलिटर टाकलं ते तारखेसह लिहायचं.

19 एप्रिल (1,70,905 किमी)

पुन्हा 180 मिलिलिटर.

रेडिएटरची टोपी संशयित, कारण ती दोन मिनिटांत बदलता येते. (स्वस्त आणि सोप्या भागावर संशय लवकर येतो, हे मी आता स्वतःबद्दल ओळखून आहे.) बॅटरीचा धडा ताजा असल्यामुळे टोपी विकत न आणता मिस्त्रींकडे दाब तपासायला नेली. टोपीवर 0.9 बार लिहिलंय आणि ती 0.9 वरच उघडते. या टोपीचं काम लोकांना झाकणाएवढंच वाटतं. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला उघड्या भांड्यात साधारण 107 अंशांना उकळी फुटते. टोपीने हा दाब धरला की तीच उकळी सव्वाशेच्या घरात जाते. टोपी सैल झाली तर बाकी सगळं धड असूनही गाडी चढावर उकळते.

टोपी निर्दोष सुटली.

10 मे (1,71,420 किमी)

ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल पितं, म्हणून किलोमीटर कितीही असोत, दोन वर्षांनी बदलायचं. डॉट 4 (या ब्रेक ऑइलची प्रत) नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पुरेशी ओल प्याल्यावर तोच आकडा 155 पर्यंत उतरू शकतो. घाटात सतत ब्रेक दाबताना आत वाफ झाली की पेडल स्पंजासारखं खाली जातं.

बाबा पेडलवर, मी चाकाशी. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने. पेडलच्या खाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज ठराविक पट्ट्यातच फिरतो, त्याच्या पुढची जागा खरबरीत होऊन बसलेली असते. पेडल तळापर्यंत दाबलं तर रबराची सीलं त्या खरबरीत भागावर जातात आणि चांगला सिलिंडर दुसऱ्या दिवशी गळायला लागतो.

"बाबा, दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

"धरलंय रे. म्हातारा झालोय, पांगळा नाही."

चाकाशी तेल सोडायचं निपल असतं, ते पाव फेरा उघडलं की पारदर्शक नळीतून आधी चहाच्या रंगाचं, मग हळूहळू मधाच्या, आणि शेवटी जवळजवळ पाण्यासारखं तेल येतं. तीन चाकं छान झाली. चौथ्याला, निपल उघडं असताना, आत फोन वाजला. नळीतला बुडबुडा माझ्या डोळ्यांदेखत उलटा वर सरकला आणि कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्यात) नाहीसा झाला.

"बाबा!"

"फोन होता."

ते चाक पुन्हा पहिल्यापासून. फोन दारातल्या खुर्चीवर ठेवला.

याच चाकाला, म्हणजे पुढच्या उजव्याला, आणखी एक गोष्ट सापडली. बाहेरचा पॅड 7 मिलिमीटर, आतला 3. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक जागीच अडकलेली. चिमटा बंद होतो पण उघडत नाही, त्यामुळे आतला पॅड सतत डिस्कला घासतोय. पकडीने गोल गोल फिरवत बाहेर काढली. वरचं जुनं ग्रीस वाळून डिंक झालं होतं. पिन साफ केली, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं, रबरी बूट नवे. साधं ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगतं. पॅड दोन्ही बाजूंचे बदलले.

सगळं बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा हळूहळू दाबून घट्ट करून घेतलं. पहिला दाब हवेतच जातो, आणि तो फाटकाशी कळून उपयोग नसतो.

18 मे (1,71,610 किमी)

पिनेचं काम होण्याआधी, 10 तारखेलाच, एक चक्कर मारून तापमापकाने दोन्ही पुढच्या डिस्क मोजून ठेवल्या होत्या: डावी 61 अंश, उजवी 94. आज त्याच रस्त्याने, तेवढंच अंतर: 60 आणि 63. ॲव्हरेज का उतरलं होतं याचा निदान एक धागा हाती आला.

31 मे

काही नाही. कूलंट 190 मिलिलिटर, टायरची हवा थंड असताना भरली, स्टेपनीत नेहमीप्रमाणे हवा नव्हतीच.

14 जून (1,72,260 किमी)

मनात आता हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील). इंटरनेटवर कूलंट कमी होण्याचं कारण शोधलं की तिसऱ्या ओळीत हेड गॅस्केट येतं आणि चौथ्या ओळीत झोप उडते.

मिस्त्रींकडे निळ्या द्रवाची चाचणी केली. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा त्या द्रवातून ओढतात. सिलिंडरमधला जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळं पिवळं होतं. पंधरा मिनिटं बघत उभा राहिलो. निळं ते निळंच. हेड गॅस्केट सुटलं.

मग थंड इंजिनवर पंपाने 0.9 बार दाब भरून ठेवला. वीस मिनिटांनी काटा 0.7 वर. म्हणजे गळतंय, आणि थंड असतानाच गळतंय. मिस्त्रींनी बॅटरी घेतली (विजेरीला ते बॅटरीच म्हणतात), गाडीखाली गेले आणि टायमिंगच्या कव्हरमागे आरसा सरकवला.

"दादा, हे बघा."

वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी तिथून बाहेर यावं यासाठीच ते ठेवलेलं. त्या भोकाखाली गुलाबी खडूसारखा थर वाळून बसला होता. इंजिन थंड असताना सील आक्रसतं, दोन-चार थेंब खालच्या ब्लॉकवर पडतात आणि इंजिन तापलं की तिथेच सुकून जातात. जमिनीपर्यंत काही पोचतच नाही. मी तीन महिने जमिनीवर डबकं शोधत होतो.

पंप या गाडीत टायमिंग बेल्टवर, म्हणजे क्रँक आणि कॅम यांची फिरण्याची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्यावर, चालतो.

28 जून (1,72,480 किमी)

बाबांच्या वहीतली ती फटीतली ओळ आज कामाला आली. बेल्ट 92,300 ला बदललेला, म्हणजे ऐंशी हजार किलोमीटर झालेत. पुस्तिका म्हणते 1,00,000 किलोमीटर किंवा 6 वर्षं, यातलं जे आधी येईल ते. किलोमीटरने अजून वीस हजार शिल्लक, वर्षांनी दोन वर्षं उलटून गेलेली. मी इतके दिवस फक्त किलोमीटर बघत होतो.

या इंजिनमध्ये बेल्ट तुटला तर उघडे व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन यांची टक्कर होते. तेव्हा हे काम मी स्वतः करणार नाही. हात थरथरतात म्हणून नाही. एक दात चुकला तर काय होतं हे माहीत असूनही, पहिल्यांदाच करणाऱ्याने ते आपल्याच गाडीवर शिकू नये, एवढंच. मिस्त्रींना सांगून सुट्टीच्या दिवशी सकाळची वेळ घेतली आणि उभं राहून बघायची परवानगी मागितली.

5 जुलै (1,72,530 किमी)

सकाळी नऊ ते दुपारी तीन. पंप, बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून आणि वळवून धरणाऱ्या कप्प्या), कॅम आणि क्रँकची सीलं. तिथपर्यंत पोचायची मजुरी एकदाच पडते, म्हणून आतलं सगळं एका दमात.

जुना बेल्ट हातात घेतला. दात शाबूत. पाठ उलटी वाकवली की केसाएवढ्या भेगा, आणि पंपाच्या बाजूची कड कूलंट पिऊन मऊ, फुगलेली. नखाने दाबली तर दबली. बाकीच्या बेल्टवर नख उमटतसुद्धा नव्हतं. पंपाची कप्पी हाताने हलवली तर कुट कुट.

नवा बेल्ट बसला, खुणा जुळल्या. मला वाटलं झालं. मिस्त्रींनी क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावला आणि इंजिन हाताने, सावकाश, दोन पूर्ण फेरे फिरवलं. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत, आणि मध्ये कुठे अडकलं तर हाताला कळतं. स्टार्टरला कळत नाही, तो मोडूनच थांबतो. दुसऱ्या फेऱ्यानंतर कॅमची खूण अर्ध्या दातावर वाटली मला. त्यांनी मला खाली वाकवून सरळ रेषेत बघायला लावलं. खूण बरोबर होती, माझी मान तिरकी होती.

कूलंट नवीन भरताना हीटर पूर्ण गरमवर, वरची नळी हाताने दाबून दाबून हवा काढली. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबलो.

बेल्टच्या कव्हरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिले. पेट्रोलच्या ओळींच्या फटीत नाही.

9 ऑगस्ट (1,73,390 किमी)

कूलंट चिकटपट्टीवर. शून्य मिलिलिटर.

डावं मागचं दार बंद करताना आत खळ्ळ असा आवाज येतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, काचेवरचं पाणी आत उतरून तिथून बाहेर पडतं. ती तुंबलेली. प्लॅस्टिकचा टाय आत घालून हलवला आणि तांब्याभर काळं पाणी बाहेर आलं, मागोमाग कुजलेली पानं आणि एक पेनाचं टोपण. चारही दारं, मग पुढच्या काचेखालची जाळी, सगळीकडे तेच केलं.

या दाराच्या तळाला आतून गंज धरलाय. बाहेरच्या रंगावर दोन फोड, नाणं ठेवलं तर झाकतील एवढे. टोकदार अवजाराने टोचून पाहिलं, पत्रा अजून जाड आहे. तारेच्या ब्रशने घासून गंज बदलणारं द्रव लावलं (त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं, उरलासुरला गंज काळा पडून घट्ट बसतो), मग प्रायमर, रंग, आणि आतून पोकळीतलं मेण फवारलं. फवारताना भोकं पुन्हा बुजणार नाहीत याकडे लक्ष ठेवावं लागतं. माझी दोन बुजली. पुन्हा टाय.

रंगाची छटा जुळली नाही. दाराचा तळ आहे, कुणी झोपून बघणार नाही.

13 सप्टेंबर (1,74,180 किमी)

खड्ड्यातून जाताना डावीकडे ठक. चाक उचलून पहारीने लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) हलवला: त्याचं मागचं बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, अर्धवट फाटलेलं, पहारीबरोबर आर्म बोटभर सरकतो. इथे मोजायला गेज लागलं नाही.

दोन्ही बाजूंचे आर्म बदलले. बसवून झाल्यावर आडवे बोल्ट आवळायला पाना लावलाच होता, तेवढ्यात पुस्तिकेतली चौकट दिसली: गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळावे. कारण साधं आहे. रबराचं बुश ज्या स्थितीत आवळलं जातं ती त्याची आरामाची स्थिती होते. आर्म लोंबकळत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर येताक्षणी रबराला पीळ पडतो, कायमचा, आणि नवं बुश वर्ष-दीड वर्षात फाटतं. जुनं कसं गेलं असेल याचा अंदाज आला. आर्मखाली जॅक देऊन वजन आणलं आणि मग आवळले.

20 सप्टेंबर (1,74,260 किमी)

चार नवे टायर, मग अलाइनमेंट. बुश, टायर, अलाइनमेंट हाच क्रम. उलटं केलं तर फाटक्या बुशवर घेतलेली अलाइनमेंट बुश बदलताच फुकट जाते. नव्या टायरचे कोडही वाचून घेतले. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा बघायचेत.

8 नोव्हेंबर (1,75,790 किमी)

इंजिन ऑइल दुसऱ्यांदा. दर हजार किलोमीटरला पातळी अंदाजे 150 मिलिलिटरने उतरतेय. सात हजारांचा हिशेब हाताशी आहे, आकडा वाढत नाहीये. तेल 5डब्ल्यू-30 च राहील. जाड तेलाच्या पक्षाला कळवलं.

सलग पाच टाक्यांचं ॲव्हरेज: 15.1. बाबांना आकडा दाखवला. त्यांनी आपली जुनी वही मागवून घेतली, चष्मा लावला, आणि म्हणाले, "अजून चारशे मीटर कमी आहेत."

4 जानेवारी 2026 (1,77,120 किमी)

वर्ष झालं. 8,708 किलोमीटर. रस्त्यात बंद पडली नाही. घरात विषय पुन्हा कुणी काढला नाही, मीही काढला नाही.

कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं: 12.0, 11.9, 12.0, 10.5. चौथा एका दशांशाने खाली, पण पहिलाही तेवढाच. गेजमध्येच तेवढा फरक पडू शकतो. तेल, कूलंट, बॅटरी, अर्थ सगळं जागेवर.

राहिलेलं एकच: गिअरबॉक्सचं तेल. दोन्ही वह्यांत कुणाच्याच हातची नोंद नाही, म्हणजे बहुधा कारखान्यातून आलेलंच असावं. थंड असताना दुसरा गिअर कुरकुरतो. नवं तेल आणून ठेवलंय. पण आधी भरायचा बोल्ट उघडतोय का ते बघायचं आणि मगच खालचा सोडायचा, नाहीतर जुनं तेल जमिनीवर, नवं डब्यात आणि गाडी जागेवर. बरं झालं बघितलं. भरायचा बोल्ट हलत नाही. पाना घसरायला लागला तेव्हा थांबलो.

5 जानेवारी

गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. हलला नाही.

6 जानेवारी

पुन्हा मारलं. बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके दिले. सहा बाजूंचा बरोबर बसणारा गोटी पाना मिस्त्रींकडून मागून आणलाय, बारा बाजूंचा डोकं गोल करून टाकेल. शनिवारी वीसेक किलोमीटर फिरवून, गिअरबॉक्स गरम असतानाच बघतो.